झोपून काढलेला फोटो

"झोपून काढला तर फोटो खोटा येतो, काका. उभंच राहावं लागेल," तो म्हणाला, आणि वाक्य संपता संपता तो स्वतःच थबकला. वाक्यात नवं काही नव्हतं. तीस वर्षं तो ते म्हणत आला होता, याच खोलीत, याच लाकडी पायरीच्या बाजूला उभा राहून. दिवसातून आठ-दहा वेळा तरी, कधी समजुतीनं, कधी वैतागून, आणि बहुतेक वेळा मनात काहीही नसताना, निव्वळ जिभेच्या सवयीनं. पायरीवर चढलेले निवृत्त बसचालक कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं होतं, "अहो, ते टेबल काय शोभेला ठेवलंय? आडवं करा की मला. गुडघा तोच, हाडं तीच. तुमचं काय जातंय?" आणि त्यानं नेहमीचं उत्तर दिलं होतं. फक्त या वेळी ते त्याच्या स्वतःच्या कानांत शिरलं. "हलू नका," म्हणत तो काचेमागे गेला, बटण दाबलं, पडद्यावर बसचालकांचे दोन्ही गुडघे उमटले, तरी त्याला ते दिसले नाहीत. त्याला दिसली चार वर्षांपूर्वीची एक दुपार, याच टेबलावर आडवी झालेली त्याची बायको, आणि छताकडे लागलेले तिचे डोळे.

इस्पितळात त्याला सगळे फोटोमामा म्हणत. एक्स-रे हा शब्द फक्त कागदावर. पेशंटपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी फोटोच. तो काही डॉक्टर नव्हता, नुसता फोटो काढणारा. पण इतकी वर्षं हाडं बघून बघून त्याची नजर अशी बसली होती की नवे डॉक्टर गुपचूप येऊन विचारत, मामा, तुम्हाला काय वाटतं? तेव्हा त्याला बरं वाटायचं, नाही कसं म्हणावं. गुडघ्याच्या फोटोतली गंमत तो नव्या नर्सना हौसेनं समजावून सांगायचा. म्हणायचा, जे बिघडतं ते फोटोत दिसतच नाही. हाडांच्या टोकांवर गादी असते, पुस्तकात तिला कूर्चा म्हणतात, ती फोटोला पारदर्शक. दिसते ती फक्त वरच्या आणि खालच्या हाडामधली फट. फट रुंद, तर गादी जागेवर. फट चिंचोळी, तर गादी झिजली. पण माणूस उभा हवा. अंगाचा भार पडला की झिजलेल्या गादीचं पितळ उघडं पडतं, हाड हाडाला जाऊन भिडतं. तोच माणूस आडवा केला की सांधा सैल पडतो, हाडं सुटी होतात आणि फट छान दिसते, जशी काही गादी आत्ताच भरून आणलीय. म्हणून प्लेटवर शिशाचा एक छोटा बाण चिकटवायचा, टोक खाली. बाण दिसला की डॉक्टर समजतात, हा फोटो उभ्या माणसाचा आहे, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. हे सगळं तो इतक्या वेळा बोलला होता की आता बोलताना त्याला जांभई यायची.

बसचालकांना खाली उतरवून त्यानं पुढच्या बाईंना आत बोलावलं. हात आपलं काम करत होते. प्लेट वर, प्लेट खाली, पाय जरा बाहेर, बांगड्या राहू द्या, साडी थोडी वर घ्या. मन मात्र चार वाजण्याकडे लागलं होतं. आज सोमवार, चार वाजता बाई येणार होती, हाडांच्या डॉक्टरकडे; आणि चार वर्षांपूर्वीचा तो फोटो त्यालाच डॉक्टरांच्या पडद्यावर लावून द्यायचा होता.

बाई म्हणजे त्याची बायको. ती मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. आख्ख्या वस्तीतल्या मुली तिला बाई म्हणत, आणि लग्नानंतर वर्षभरातच तोही म्हणायला लागला, आधी चिडवायला, मग तेच नाव झालं. ती हाडाची शिक्षिका होती. तो म्हणायचा, आणि मी हाडांचा फोटोवाला, पत्रिका न बघता गुण जुळले. तिशीच्या आत असताना मैदानावर एका मुलीला पडताना सावरायला गेली आणि स्वतःचाच उजवा गुडघा पिळवटून बसली. तेव्हाच्या डॉक्टरांनी आतली फाटलेली चकती, गादीला आधार देणारी, सरळ काढून टाकली. त्या काळी तसंच करत, शिवायच्या भानगडीत कोणी पडत नसे. महिन्याभरात बाई पुन्हा शिट्टी घेऊन मैदानावर. रडगाणं नको, उठा, पळा, हे तिचं मुलींना रोजचं सांगणं; स्वतः तर ती रडगाणं गाणाऱ्यातली नव्हतीच. म्हणूनच पन्नाशीला आल्यावर ती जेव्हा म्हणायला लागली की दोन्ही गुडघे आतून ठणकतात, जिना उतरताना जीव जातो, तेव्हा त्यानंच तिला म्हटलं होतं, ये एकदा, फोटो काढून टाकू.

ती आली त्या दुपारी बाहेर बाकांवर ही गर्दी. तो सकाळपासून उभा होता, डबाही खाल्लेला नव्हता. त्यानं सवयीनं प्लेट सारखी केली, बाण चिकटवला, तिला पायरीवर चढवलं. तिनं कठडा धरला आणि तिचे पाय थरथरायला लागले. शाळेत त्या आठवड्यात स्पर्धा होत्या, ती तीन दिवस उन्हात उभी होती. ती मान वळवून हळू आवाजात म्हणाली, "अहो, नाही उभं राहवत. झोपून नाही का चालत?" आणि तो, ज्यानं आजवर म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही या बाबतीत दाद दिली नव्हती, तो म्हणाला, "तुला चालतं." का म्हणाला? आज आठवायला बसल्यावर त्याला एकच कारण सापडत नव्हतं. तिनं कधी काही मागितलं नव्हतं, हे एक. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तो बघवला नाही, हे दुसरं. आणि बाहेरचे लोक म्हणतील, बायको आत गेली तर किती वेळ लावतोय, ही घाईही होतीच, ती कशाला लपवा. त्यानं तिला दंडाला धरून टेबलावर निजवलं, गुडघ्यांखाली स्पंजाची उशी सरकवली, साडी सारखी केली. "किती गार आहे हो टेबल," ती म्हणाली आणि हसली. प्लेट टेबलाखाली गेली, तिच्यावरच्या बाणासकट. तो काढायचा राहिला. खरं तर राहिला असंही नाही, तो आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्या क्षणी तो काम करतच नव्हता, बायकोजवळ उभा होता. कागदावरही त्यानं रोजच्यासारखंच लिहिलं: दोन्ही गुडघे, उभ्यानं.

आणि गेली चार वर्षं ती दुपार त्याच्या मनात एक चांगली दुपार म्हणून जपलेली होती. हेच त्याला आता सगळ्यात जास्त लागत होतं. घरात बोलणं कमी कमी होत गेलेल्या या वर्षांत, कधी संध्याकाळी एकटा बसला की त्याला तिचं ते हसणं आठवायचं, दंडाला धरून तिला निजवताना तिनं सगळा भार त्याच्यावर टाकला होता ते आठवायचं. वाटायचं, अगदीच काही कोरडा नवरा नाही आपण. त्या दुपारीच आपण तिचा घात केला, हे आज सकाळी एका बसचालकानं टेबलाकडे बोट दाखवेपर्यंत त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. कामाची आठवण असती तर आली असती. ती आठवण त्यानं कामात ठेवलीच नव्हती.

तेव्हाचे हाडांचे डॉक्टर म्हातारे होते, आता निवृत्त होऊन गेले. त्यांनी बाण बघितला, फट बघितली आणि खूश झाले. "वा! पन्नाशीत अशी गादी बघायला मिळत नाही. शाबूत आहे. जुन्या दुखापतीचा बाऊ करू नका, वजन थोडं उतरवा, चालत राहा." घरी येताना बाई म्हणाली होती, "गादी शाबूत आहे म्हणे. मग राणीसाहेबांना खाली बसता का येत नाही?" दोघंही हसले होते. नंतर हसणं संपलं. ती म्हणायची, आज फार दुखतंय हो. आणि तो म्हणायचा, फोटो चांगला आहे. ती म्हणायची, रात्री कूस बदलता येत नाही. तो म्हणायचा, अगं, फोटो खोटं बोलत नाही. हे तो म्हणायचा! ज्याची सगळी हयात फोटो कधी खोटं बोलतो हे लोकांना सांगण्यात गेली, तो. आज काचेमागे उभं राहून, समोरच्या अनोळखी बाईंच्या गुडघ्यांवर प्रकाशाचा चौकोन सारखा करत असताना, त्याला आपल्याच आवाजाची शिसारी आली.

लेकीनं नवं घर घेतलं तेव्हाची गोष्ट. तिसरा मजला, लिफ्ट अजून सुरू व्हायची होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई पायरीवरच बसली. लेक वर दारात उभी, जावई हातात पिशव्या घेऊन मध्येच अडकलेला. "आई, अगं उठ ना. बाबांनी स्वतः फोटो काढलाय ना तुझा? त्यात काही नाहीये." लेक त्रासून बोलली, वाईट मनानं नव्हे. बाईनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्याकडे म्हणजे अगदी सरळ, जशी ती पंचाकडे बघायची, निर्णयाची वाट बघत. आणि तो जावयाकडे बघून म्हणाला, "मनाचं दुखणं आहे तिचं. निवृत्ती जवळ आलीय ना, मैदान सुटणार म्हणून." जावई कसंनुसं हसला. बाई कठड्याला धरून उठली आणि उरलेल्या पायऱ्या चढली, मध्ये एकदाही न थांबता. त्या दिवसानंतर तिनं गुडघ्याचं नाव काढलं नाही. त्याला वाटलं, बरं झालं, दुखणं गेलं. गेलं होतं ते तिचं बोलणं. पुढे कधीतरी तिनं शाळेत मैदानाऐवजी साहित्याच्या खोलीचं काम मागून घेतलं. चेंडू मोजायचे, जाळ्या दुरुस्त करायच्या. त्यानं विचारलंही नाही, का म्हणून.

मागच्या महिन्यात ती शाळेतच पडली. उजवा पाय जागच्या जागी मुडपला. मुख्याध्यापिकांनीच तिला परस्पर इस्पितळात आणलं, तेव्हा त्याची पाळी संपली होती. दुपारच्या पाळीवाल्यानं फोटो काढला, उभ्यानं, नियमाप्रमाणे. संध्याकाळी इस्पितळात परत येऊन त्यानं तो बघितला. उजव्यात फट नावालाही नव्हती, दोन्ही बाजूंनी हाडावर हाड. डाव्यात आतली बाजू झिजलेली, बाहेरची अजून बरी. नवी हाडांची डॉक्टर पस्तिशीची, शांत, मोजकं बोलणारी. तिनं जुना अहवाल वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "चार वर्षांपूर्वी दोन्ही गाद्या शाबूत, आणि आज हे? इतक्या झपाट्यानं जाते तेव्हा ती नुसती झीज नसते. शरीरच आपली गादी खातंय असा संशय येतो." मग रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्यांत काही निघालं नाही, तरी तिचा संशय गेला नाही. ती म्हणाली, "उजवा सांधा बदलावाच लागेल, त्यात प्रश्न नाही. प्रश्न डाव्याचा आहे. साधी झीज असती तर मी डावा वाचवला असता. हाडाला छोटा काप देऊन पाय सरळ करतात, भार चांगल्या बाजूला जातो, उरलेली गादी दहा-बारा वर्षं तरी टिकते. पण आजार खाणारा असेल तर ती बाजूही जाणार, मग दोन दोन ऑपरेशनं कशाला? दोन्ही एकदमच बदलू, आणि गोळ्या सुरू करू. कडक आहेत, कायमच्या घ्याव्या लागतील. मला तो जुना फोटो डोळ्यांनी बघू द्या, सोमवारी ठरवू." बाई म्हणाली, "काढा, काय काढायचं ते काढा." इतकं थकलेलं वाक्य त्यानं तिच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर त्यानं दार लोटून घेतलं आणि जुना फोटो पडद्यावर काढला. मनात कुठेतरी आशा होती की आपली आठवण चुकीची निघेल, माणूस साठीला आला की काहीबाही जोडतो. फोटो सुंदर होता. ऐसपैस फट, स्वच्छ कडा, कोपऱ्यात खाली तोंड केलेला बाण. आणि दुसऱ्या कोपऱ्यात, अगदी कडेला, चार-पाच बारीक दात, कपड्याच्या चेनचे असतात तसे. बघणाऱ्याला वाटावं, कपड्याची चेन आली असेल. पण ती त्या दिवशी साडी नेसून आली होती. ती चेन स्पंजाच्या उशीच्या खोळीची होती. खोळ बाईनंच शिवून दिली होती, शाळेच्या जुन्या ट्रॅकसूटची, रेक्झिन गार लागतं म्हणून म्हाताऱ्या पेशंटांसाठी. एरवी तो चेन खालच्या बाजूला, फोटोबाहेर ठेवायचा. त्या दिवशी उशी उलटी गेली होती. उभ्या माणसाच्या गुडघ्यामागे उशी नसते. जगात हा फोटो वाचून खोटा ठरवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते आत्ता या खुर्चीत बसलेलं होतं.

त्याच्या डोक्यात काय काय आलं, ते सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. जुना फोटो सापडत नाही, असं म्हणता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी संगणक बदलले तेव्हा कितीतरी फोटो हरवले होते, कोणाला खरंही वाटलं असतं. किंवा काहीच बोलायचं नाही, फोटो लावायचा आणि बाजूला उभं राहायचं. डॉक्टर बाण बघेल, मान हलवेल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. इतकी वर्षं एक डाग नाही, आणि आता कशाला आपल्याच हातानं कपाळाला काळं फासून घ्यायचं? तसंही उजवा गेलाच आहे, बोलून तो थोडाच परत येणार. मग त्याला डाव्याची आठवण झाली. डाव्या गुडघ्यातली बाहेरची बाजू, गेल्या महिन्याच्या फोटोत दिसलेली, कशीबशी टिकून राहिलेली, तिची स्वतःची. ती काढून तिथे धातू बसवणार, आणि जो आजार तिला नाहीच त्याच्या कडक गोळ्या ती जन्मभर गिळणार, कारण त्याचा एक बाण प्लेटवर राहिला. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. नुसता थकवा आला, मणभर. खुर्चीतून उठायचंसुद्धा जिवावर आलं.

पावणेचारला तो बाहेर आला तेव्हा बाई हाडांच्या डॉक्टरच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेली होती, उजवा पाय सरळ लांब सोडून, मांडीवर कापडी पिशवी. त्याला बघून ती थोडी सरकली.

"जेवलात का?"

"हो."

"खोटं. तोंड बघा जरा आरशात. बदलायचेत माझे गुडघे, आणि तोंड उतरलंय तुमचं."

तो तिच्या शेजारी बसला. समोरून एक नर्स ढकलखुर्ची घेऊन गेली, तिची चाकं कुरकुरत होती. चाकं पार कोपऱ्यावर वळली.

"बाई, एक सांगायचंय."

"सांगा की."

"तो जुना फोटो. आपण झोपून काढला होता."

"हो," ती सहज म्हणाली. "मीच म्हटलं होतं ना तुम्हाला. पाय ठरत नव्हते माझे." आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "का हो? काय झालं त्याचं?"

"झोपून काढला तर..." तो म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याला येईनात. तीस वर्षांत पहिल्यांदाच येईनात.

बाईनं हे वाक्य घरी किती वेळा ऐकलं असेल! पाहुण्यांसमोर, जेवताना, फोनवर. ती ते पुरं करायला गेली, अगदी सवयीनं. "खोटा ये..." आणि थांबली. तिचा हात पिशवीच्या बंदावर होता, तो बंद ती उगीच गुंडाळत राहिली. त्यानं मग सगळं सांगितलं, भराभर, खाली फरशीकडे बघत: बाण राहिला, कागदावर उभ्यानं लिहिलं, म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला, तेव्हाच गादी झिजलेली असणार, खाणारा आजार वगैरे काही नाही, तेव्हा उभ्यानं काढला असता तर कदाचित उजवाही वाचला असता. हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. तरी त्यानं सांगितलं.

तिनं गुंडाळलेला बंद सोडला. मग म्हणाली, "म्हणजे दुखत होतं."

"हो."

"खरंच दुखत होतं," ती पुन्हा म्हणाली, त्याला नव्हे, स्वतःलाच. "मला वाटायला लागलं होतं, मीच तशी झालेय. नाटकी. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी मी स्वतःला सांगायची, रडगाणं नको, ऊठ. फोटो चांगला आहे, तुला काही झालेलं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. झोपून नाही का चालत म्हणून. तुम्ही म्हणालात, तुला चालतं."

"चुकलो मी."

"हं," ती म्हणाली. त्या हंमध्ये माफी नव्हती, रागही नव्हता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डावा वाचेल?"

"डॉक्टरांना खरं कळलं तर वाचेल."

"मग सांगा त्यांना. तुम्ही सांगा. तुमच्या वतीनं मी नाही बोलणार." इतक्यात आतून नाव पुकारलं गेलं. तिनं भिंतीला हात टेकून स्वतःला उठवलं. त्यानं पुढे केलेला हात तिला दिसला असणार, पण तिनं तो घेतला नाही.

आत त्यानं सांगितलं. फोटो पडद्यावर लावला, बाणावर बोट ठेवलं, मग चेनच्या दातांवर. आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही. पेशंटला सूचना द्याव्यात तसा सपाट निघाला. डॉक्टरनं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिनं चष्मा काढून डोळे चोळले. जुना फोटो बंद केला, महिन्याभरापूर्वीचा काढला, डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर पेनचं टोक ठेवून बराच वेळ बघत बसली. "ही बाजू छान आहे," ती म्हणाली. "साधी झीज असेल तर गोळ्यांचा विषय संपला. डाव्याला हात लावायचा तो फक्त वाचवायला. पाय सरळ करू, सहा आठवडे भार टाकायचा नाही, आणि मग हा सांधा तुमचाच राहील. आधी उजवा, मग तीन-चार महिन्यांनी हा." मग त्याच्याकडे वळून, आवाज न चढवता, "मामा, मला हे लेखी कळवावं लागेल. कळतंय ना?"

"कळवा," तो म्हणाला. त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. लोक म्हणतात, कबूल केलं की ओझं उतरतं. त्याला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं, सकाळपेक्षाही जास्त.

डॉक्टरनं कोरा कागद पुढे ओढला. "आता मला पहिल्यापासून सांगा," ती बाईला म्हणाली. "जुना अहवाल नव्हताच असं समजा. कधीपासून दुखतंय, कसं दुखतंय, काय काय करता येत नाही?"

आणि बाई बोलायला लागली. आधी अडखळत, परक्या भाषेत बोलावं तशी, मग भडाभडा. सहा वर्षं झाली, ती म्हणाली. घरात कोणी नसलं की जिना ती उलटी उतरते, पाठमोरी, लहान मूल उतरतं तशी, म्हणजे गुडघ्यावर भार कमी येतो. शाळेत साहित्याच्या खोलीची कडी आतून लावून चेंडूंच्या पोत्यावर बसून राहते, तास संपल्याची घंटा होईपर्यंत. मुली हाक मारतात, ती ओ देत नाही. रात्री दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपते. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होता. ती उशी त्यानं रोज बघितली होती. उकडतं म्हणून घेत असेल, असं समजून चालला होता. न्हाणीघरात नळ मोठा सोडून ती रडून घेते, तेही तिनं सांगितलं. पाणी वाया घालवते म्हणून तो बाहेरून ओरडायचा, तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. नातवाला कडेवर घेतलं नाही कधी, ती म्हणाली, तोल जाईल म्हणून. लेकीला वाटतं, आजीला त्याची माया नाही. डॉक्टर लिहीत होती. एक पान संपलं, तिनं ते उलटलं.

"त्या फोटोनंतरची चार वर्षंही हे असंच?" शेवटी डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाली. "अहो, मग मध्ये एकदाही आला का नाहीत? दुसऱ्या डॉक्टरकडे तरी जायचंत. कोणाला तरी विचारायचंत."

बाईनं पिशवी मांडीवर सारखी केली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती, नातेवाइकांना घराचा पत्ता सांगावा इतकं साधं ती म्हणाली, "विचारायचं कोणाला, डॉक्टर? फोटो कळणारं माणूस घरातच होतं."